त्यांच्यात चालतं

विद्यानगरच्या त्या बंगल्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं : इथल्या प्रत्येक वस्तूला हात लावा. देशाचा बाजार उघडला आणि कंप्युटरवाली माणसं पुण्या-मुंबईहून हैदराबादेत येऊ लागली, त्या दिवसांतली गोष्ट. त्यांच्यातल्याच एका पुण्याच्या बाईंनी हे छोटं संग्रहालय काढलं होतं. नवऱ्याबरोबर त्या देशोदेशी राहून आल्या होत्या. येताना आफ्रिकेतले ढोल, जपानी किमोनो, पेरूतल्या लोकरी टोप्या असं काय काय आणलं होतं. जगातल्या माणसांनी एकमेकांना समजून घेतलं पाहिजे, हे वाक्य त्या चहा विचारावा इतक्या सहज बोलत. शाळेची पोरं यायची, ढोल बडवायची, टोप्या घालून नाचायची, आणि जाताना बाई त्यांना विचारायच्या, “मग, काय समजलं?”

माझी अक्का, म्हणजे थोरली बहीण, तिथं कामाला होती. लग्नाला दोन वर्षं होताहेत तोच तिचा नवरा गेला आणि ती गौलीगुड्याच्या जुन्या मराठी वस्तीत आमच्याकडे परत आली. घरात तिच्या वाट्याला फिकी पातळं आणि भाजी निवडणं. लाल रंग बंद. संग्रहालयात मात्र मुलांना परदेशी कपडे घालून दाखवायचं काम तिचंच होतं. लालभडक किमोनोचा पट्टा आवळून ती खोलीभर फिरायची तेव्हा लग्नाआधीची अक्का मला परत दिसायची. आईला हे ठाऊक होतं. “परदेशातलं ते, नाटकातल्यासारखं,” म्हणून ती सोडून द्यायची.

त्या वर्षी बाईंनी एक खोली मराठी घराची करायचं ठरवलं. ती अक्कानं सांभाळायची, असं त्यांनी तिला कबूल केलं. अक्काला दुसरं काही नकोच होतं. जातं, पाटा-वरवंटा, देव्हारा, सगळं तिनं स्वतः मांडलं. खोली सुरू करायची ती संक्रांतीच्या हळदीकुंकवानं. परदेशातून एक पाहुण्या येणार होत्या, आणि हळदीकुंकू लावून दाखवणार होती अक्का. हे सगळं बाईंनीच ठरवून टाकलं. जपानात चहाचा पेला हातात कसा फिरवतात ते त्यांना पाठ होतं; विधवेच्या हातचं कुंकू आपल्या बायका लावून घेत नाहीत, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. अक्कानं काही आठवण करून दिली नाही. तिनं का द्यावी?

संक्रांतीला ओळखीपाळखीच्या मराठी सवाष्णी काळ्या साड्या नेसून आल्या आणि भिंतीला लागून ओळीनं बसल्या. मदतीला आई आणि मीही होतो. अक्का करंडा घेऊन पहिलीपुढे वाकली. त्या सवाष्णीनं कपाळ मागं घेतलं.

“ही लावणार?” तिनं विचारलं ते आईला, अक्काला नव्हे.

“न्हाई हो, करंडा तेवढा आणून दिला,” आई म्हणाली आणि अक्काच्या हातातून करंडा काढून घेतला.

मी बाईंकडे पाहिलं. त्या आधी पाहुण्यांकडे बघून हसल्या. मग अक्काजवळ जाऊन मऊ आवाजात म्हणाल्या, “अगं, आपण इथे सगळ्यांच्या रीतींचा मान ठेवतो ना? तू जरा पलीकडच्या खोलीत बस, बरं का.” मला त्यांच्या तोंडावर तिळगुळाचं ताट फेकून मारावंसं वाटलं. अक्का गेली.

पाहुण्या म्हणजे पांढऱ्या केसांची म्हातारी होती. ती मुलगी कुठे गेली, असं तिनं विचारलं. बाईंनी तिला इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं. म्हातारी एकदम उठायला लागली. तिचं बोलणं बाईंनी आम्हाला मराठीत सांगितलं, “यांचेही यजमान गेल्या वर्षी वारलेत. मी पण तिकडे जाऊन बसू का, म्हणताहेत.”

“असू द्या हो,” अध्यक्षिणीच्या थाटात बसलेली ती पहिली बाई म्हणाली, “त्यांच्यात चालतं.”

सगळ्या हसल्या. आईनं म्हातारीला ठसठशीत कुंकू लावलं, बोरं, हरभरे, उसाचे करवे घालून तिची ओटी भरली.

“अन् अक्काला?” मी विचारलं.

“गप बस गे! तमाशा नक्को हितं.” आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

तेवढ्यात अक्का बाहेर आली. अंगात लाल किमोनो होता. ती सरळ ओळीच्या टोकाला जाऊन बसली आणि आईकडे पाहून म्हणाली, “आता मीबी त्यांच्यातली. लाव.”

आईनं करंड्याचं झाकण लावलं. “काढ ते आधी,” ती म्हणाली. बाकी कुणी हललं नाही. म्हातारी तेवढी उठली, गुडघे सांभाळत अक्कासमोर खाली बसली, स्वतःच्या कपाळावरच्या ओल्या कुंकवाला बोट लावलं आणि हात पुढं केला. अक्कानं डोळे मिटले.

आईनं ते मनगट वरच्या वर धरलं. “नो मॅडम, नो,” ती हसून म्हणाली. मग बाईंकडे वळली. “सांगा त्यांना. आमच्यात नाही चालत.”

बाईंनी सांगितलं. म्हातारीनं बोट रुमालाला पुसलं, आईला वाकून नमस्कार केला आणि काहीतरी पुटपुटली. अक्का अजून डोळे मिटून, मान वर करून बसली होती.

“त्या म्हणताहेत,” बाई आम्हा सगळ्यांना कौतुकानं म्हणाल्या, “समजलं.”