काकूंच्या मांडीवरचा डबा

कोजागरी झाली की आमच्या नगरच्या अंगात येतं. कुठं दिवाळी पहाटेच्या गाण्यांच्या तालमी, कुठं चित्रांची प्रदर्शनं, आणि फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच नाट्यस्पर्धा. एरवी पाण्यावरनं अन् पार्किंगवरनं भांडणारी माणसं या दिवसांत ‘दुसऱ्या अंकात लाईट चुकला’ म्हणून भांडतात. मीही त्यातलाच. मी हनुमंत, मूळचा मिरजगावचा, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. मिशीच्या जोरावर आमच्या नाट्यसंस्थेत दरवर्षी इन्स्पेक्टर नाहीतर सरपंच होतो. तोंडाचा फाटका आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

सांगायचंय ते सुनीतीकाकूंचं. काकू आमच्या प्रॉम्प्टर. कचेरीतून रिटायर झालेल्या, कपाळावर बारीक टिकली, आवाज असा की विंगेतून कुजबुजल्या तर फक्त नटालाच ऐकू जावं. माझी ‘पानी’, ‘लोनी’ त्यांनीच घासून घासून सरळ केली. चुकलो की म्हणायच्या, “हनुमंता, इन्स्पेक्टर आहेस बाबा, उसाच्या फडावरून आलेला नाहीस.” मी म्हणायचो, “फडावरचाबी इन्स्पेक्टर व्हतो की काकू!” मग पुन्हा तेच वाक्य, पुन्हा पहिल्यापासून. लई चिकाटीची बाई.

एका वर्षी ऐन मरणाच्या प्रसंगात कुणाचा तरी मोबाईल वाजला आणि मेलेल्या माणसासकट अख्खं सभागृह हसलं. तेव्हापासून काकूंनी नियम केला. पहिल्या घंटेआधी सगळ्यांचे फोन काकूंच्या पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात. आवाज बंद करायचा, फोन टॉवेलात गुंडाळायचा, झाकण लावायचं. प्रयोगभर डबा काकूंच्या मांडीवर, वर नाटकाची संहिता. आणि पहिला फोन काकूंचा स्वतःचा. तो आत गेला की नारळ फुटायचा. हळूहळू तो आमचा मुहूर्तच होऊन बसला.

त्यांचे यजमान विष्णुपंत चित्रकलेचे मास्तर. शहरातल्या प्रदर्शनात दर हिवाळ्याच्या तोंडाला त्यांची चित्रं लागायची, आणि आमच्या प्रयोगाला पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची त्यांची. नाटक संपलं की आत येऊन म्हणायचे, “प्रॉम्प्टिंग उत्तम झालं. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं.” काकू लटक्या रागानं बघायच्या. मूलबाळ नाही. दोघंच एकमेकांना.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मास्तरांची उजवी बाजू गेली. ब्रश सुटला, चालणं सुटलं, बोलणं अर्धं राहिलं. काकूंनी दिवसभरासाठी कडूबाई ठेवली. साधी बाई, फोनवर हिरवं बटण दाबायचं एवढं काकूंनी शिकवलेलं. तालमीला यायच्या तेव्हा काकूंचा फोन कायम हातात. कडूबाईला बजावून ठेवलेलं, काही झालं तर मलाच लाव, मी लगेच उचलते, बाकी कुणाच्या मागं लागू नको. आम्ही म्हटलं, काकू, यंदा राहू द्या. तर म्हणाल्या, “हेच ढकलून पाठवतात रे. डाव्या हातानं दाराकडे बोट करतात.”

प्रयोगाचा दिवस. दुपारचीच वेळ मिळालेली. काकूंनी डबा फिरवला, पण आपला फोन हातातच धरून राहिल्या. मला बरं वाटलं. तेवढ्यात आमचा हीरो हर्षल, तोंडाला अर्धा रंग लागलेला, म्हणतो कसा, “काकू, आधी तुमचा! मुहूर्त चुकला तर बक्षीस जाईल हं.” सगळे हसले. पोरगं वाईट नाही हो, दरवर्षी अशीच थट्टा करायचं. काकू क्षणभर फोनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “नियम तो नियम,” आणि फोन टॉवेलात गुंडाळला. नारळ फुटला. असला कसला मुहूर्त, आग लागो त्याला!

पहिल्या अंकात हर्षल भलतीकडेच गेला. दोन पानं खाल्ली. काकूंनी विंगेतून वाक्यं फेकून फेकून त्याला काठाला आणलं. मध्यंतरात त्या त्याला घेऊन बसल्या, दुसऱ्या अंकातल्या जागा सांगत. मी म्हटलं, “काकू, मास्तरांना एक फोन टाका की.” त्यांनी डब्यावर हात ठेवला. “आत्ता उघडला तर ही सगळी पोरं तुटून पडतील. पडदा पडला की बघते.” दुसऱ्या अंकाला माझीच एन्ट्री होती, मी टोपी चढवून विंगेत गेलो.

दुसरा अंक असा रंगला की विचारू नका. टाळ्या थांबेनात. आम्ही नमस्कार करून आत आलो तर काकू डबा उघडून उभ्या. हातात त्यांचा फोन. त्यावर खालपासून वरपर्यंत एकच नाव, कडूबाई. काकूंनी उलटा फोन लावला, तर दवाखान्याचं नाव तेवढं तिला सांगता आलं.

मीच त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेलो, तोंडावरचा रंग तसाच, अंगात खोट्या पोलिसाचा गणवेश. दवाखान्याच्या दारात लोक मला वाट देत होते. मास्तर गेलेले होते. बाकड्यावर कडूबाई बसलेली, पदरात मास्तरांचा चष्मा. काकूंना बघून तिनं हंबरडा फोडला. “बाई, तुमी म्हनल्या हुत्या, मलाच लाव म्हून. मी लावीतच राहिले, बाई. त्यांचा जीव नुसता घुसमटत हुता, दाराकडं बोट करीत हुते. शेजारी कुलपं. मंग रस्त्यावर पळाले अन् रिक्षा आडवली. तोवर लई उशीर झाला.”

काकूंनी तिला जवळ घेतलं. तिला एका शब्दानं बोलल्या नाहीत. चष्मा पदरानं पुसला आणि हातात धरून बसल्या.

दहाव्यानंतर मी भेटायला गेलो. हॉलमध्ये मास्तरांचं अर्धं राहिलेलं चित्र, त्याच्यासमोर काकू. चहा तसाच निवला. मग एकदम म्हणाल्या, “हनुमंता, मला कळत होतं रे. डबा मांडीवर सारखा थरथरत होता. वाटलं, हर्षलचा असेल, त्याला सारखे फोन येतात. प्रेक्षकांत आवाज जाऊ नये म्हणून मी वरून हात दाबून धरला.” घरी येऊन मी बायकोवर उगाच खेकसलो आणि मग मोरीत तोंड धुताना ढसाढसा रडलो. त्या नाटकाला बक्षीस मिळालं. ढाल कुणी घरी न्यायला तयार होईना.

यंदा काकू येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. आल्या. वाळल्या होत्या पार. डबा आणला नव्हता. हर्षलनं स्वतःच फोन बंद करून त्यांच्यापुढे धरला, मान खाली घालून. काकूंनी तो त्याच्या हातात परत दिला. “चालू ठेव,” म्हणाल्या. “सगळ्यांनी चालू ठेवा.” नारळ फोडायला कुणी पुढं होईना, शेवटी मीच फोडला.

पहिला अंक नीट गेला. दुसऱ्या अंकात मी विंगेत काकूंच्या मागं उभा होतो. स्टेजवर हर्षलचं मोठं बोलणं चाललेलं, आणि मधेच तो अडकला. थांबला. सवयीनं त्यानं विंगेकडे कान केला.

वाक्य आलं नाही. मी खाली वाकून बघितलं. संहिता काकूंच्या पायापाशी पडलेली. दोन्ही हात त्यांनी मोकळ्या मांडीवर घट्ट दाबून धरलेले.

“हनुमंता,” त्या कुजबुजल्या, “थरथरतंय. बघ की रे कुणाचा आहे.”

“न्हाई काकू,” मी म्हटलं. “काहीच न्हाई तिथं.”

“असं कसं? बघ तरी. यांचा असेल.”

बाहेर उजेडात हर्षल तसाच उभा होता. मी खाली बसलो आणि काकूंचे हात धरले.