आग्नेय दिशेचे दोन मार्क

एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला आणि माझ्या हातून कधी कुणाचं नुकसान झालं नाही. त्यासाठी रिटायर व्हावं लागलं.

झालं असं की, आमची मुलगी स्नेहा सौंसरला दिलेली. तिला दिवस गेले आणि आमच्या प्रमिलाबाईंनी धोशा लावला, "पांढुर्ण्याचं घर विका अन् सौंसरले चला!" स्नेहाच्या घराला लागूनच एक लहानसं घर विकायला निघालं होतं. त्या घरमालकानं शब्द दिला होता, "पोळ्यापर्यंत थांबतो वहिनी, त्याच्या पुढं नाही." प्रमिलानं त्या घरात पाळणा कुठं टांगायचा हेसुद्धा ठरवून टाकलं. सगळं जमलं होतं. आमचं घर विकायचं तेवढं राहिलं होतं.

पहिलं गिऱ्हाईक एक कापड दुकानवाले शेठजी. उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी आले, घर पाहिलं, चहा प्याले, खूश झाले. निघता निघता चप्पल घालत म्हणाले, "किचन आग्नेयेले आहे ना, गुरुजी?"

आता आम्ही बौद्ध. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, रोज सकाळी वंदना. वास्तू-बिस्तू आम्ही मानत नाही. पण गिऱ्हाईक मानते ना! शिवाय भूगोलाच्या मास्तरला दिशा विचारलेली! मी ऐटीत मोबाइल काढला. जावयानं रिटायरमेंटला दिलेला, वरून मस्त झाकणाचं कव्हर, टप्पकन आपोआप चिकटणारं. त्यात होकायंत्रही होतं.

"किचन वायव्येला," मी निकाल वाचावा तसं वाचलं, "आणि संडास-बाथरूम आग्नेयेला."

"मंग नाही जमत जी," शेठजी म्हणाले. "बदललं तर बोलवा."

प्रमिलाचं तोंड एवढंसं झालं. पण आमचे दलाल बबनभाऊ काही हरणारे नव्हते. "सर, टेन्शन नका घेऊ! विकायच्या घरात लोक कायकाय करते! छताले पीओपी करते, गेटवर सिंह बसवते. पैसा पाण्यात! किचन अन् संडास-बाथरूम, ह्या दोनच जागचा पैसा वापस येते. बाई किचन पाह्यते, माणूस संडास पाह्यते. दोघांची अदलाबदल करून टाका!" (किचनची आणि संडासाची. बाईची आणि माणसाची नव्हे.)

प्रमिला मात्र किचनच्या खिडकीत उभी राहून विचार करत होती.

"काय जी, सकाळचं ऊन तर माह्या किचनमधी येते. माहे पापड इथंच वाळते. मंग हे वायव्य कसं?"

मी चष्मा वर सरकवला. "प्रमिला, सूर्य बरोबर पूर्वेला वर्षातून दोनच दिवस उगवतो. बाकीचे दिवस तो सरकतो. उत्तरायण, दक्षिणायन असं असतं ते."

"इतका सरकते काय? डायरेक्ट पश्चिमेले?"

"मोबाइल खोटं बोलेल का?" मी म्हणालो आणि विषय संपवला. (एकतीस वर्षांत मी पुष्कळ विषय असेच संपवले आहेत.)

मिस्त्री म्हणून आला दिवाकर. हा माझाच विद्यार्थी. पाचवीच्या पेपरात दिशांचा प्रश्न होता, दोन मार्कांचा, आणि त्यात याला मी शून्य दिलं होतं. आता त्याच्या हाताखाली सहा माणसं आणि मिशीला पीळ. पण मला पाहून त्यानं तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

सगळं ऐकून तो डोकं खाजवत, किचनच्या खिडकीकडे बोट करून म्हणाला, "सर, मले तर पूर्व इकडे वाटून राहिली."

"तुला पाचवीतही असंच वाटून राहिलं होतं!"

"पण सर, सूर्य..."

"दिवाकर! भूगोल कुणी शिकवला तुला?"

"तुम्हीच, सर," तो बिचारा म्हणाला, आणि त्यानं पहिला घण घातला.

पुढचे दोन महिने विचारू नका. किचन फुटलं, संडास फुटला, मैल्याचा पाइप या टोकाचा त्या टोकाला न्यायचा म्हणून हॉलच्या मधोमध नाली खणली. बुद्धाच्या मूर्तीसमोर जायचं तर फळीवरून तोल सांभाळत जावं लागे. मध्यम मार्ग म्हणतात तो हाच असावा. प्रमिलानं गॅस दारासमोरच्या ओट्यावर मांडला, त्यामुळे आमच्याकडे आज कोणती भाजी हे गल्लीला आमच्याआधी कळू लागलं. आणि सकाळची सोय शेजारच्या पराते काकांकडे. मी बादली घेऊन निघालो की काका ओसरीवरूनच ओरडत, "थांबा सर, आमचा नंबर चालू आहे!" भर गल्लीत बादली धरून उभ्या असलेल्या माणसाला माजी विद्यार्थी वाकून नमस्कार करत. मीही डाव्या हातानं आशीर्वाद देत असे.

नवीन किचनला मी नारंगी टाइल्स लावल्या. आग्नेय म्हणजे अग्नी, अग्नी म्हणजे नारंगी, आणि आपला भाग संत्र्याचा! सगळ्यात जास्त खर्च त्या टाइल्सवर झाला.

"कशी दिसते?" मी प्रमिलाला विचारलं.

"संत्र्याच्या पोटात बसून पोळ्या लाटतो असं वाटते," ती म्हणाली.

पोळ्याला आठ दिवस उरले. पावसानं उघडीप दिली त्या दिवशी शेठजी आले, सकाळी सातलाच, आणि सोबत त्यांचे म्हातारे काका. शेठजी सरळ नव्या किचनमध्ये गेले. तिथं अंधार. प्रमिलानं दिवा लावला. काका हळूहळू घरभर फिरले आणि त्यांनी नव्या संडासाचं दार उघडलं.

आतून असं लख्ख सोनेरी ऊन बाहेर आलं की म्हाताऱ्यानं डोळ्यावर हात धरला.

"गुरुजी," काका म्हणाले, "सूर्य तुमच्या संडासातून निघते काय?"

मी घाईघाईनं मोबाइल पुढं केला. "हे पाहा! होकायंत्र पाहा! ही आग्नेय!"

काकांनी मोबाइल हातात घेतला, उलटा केला, पालटा केला. मग कव्हरचं झाकण दोनदा टप टप उघडलं-लावलं. "ह्याच्यात चुंबक आहे ना जी," असं म्हणून त्यांनी मोबाइल कव्हरातून बाहेर काढला. काटा जागच्या जागी गर्रकन अर्धा फिरला आणि स्थिर उभा राहिला.

म्हणजे आमचं किचन मुळात आग्नेयेलाच होतं! माझ्या हातानं मी ते उचलून वायव्येला नेलं होतं आणि अग्नीच्या जागी संडास बसवला होता! चुंबकाजवळ होकायंत्र चुकतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो. आकृतीसकट!

शेठजी "विचार करून सांगतो" म्हणाले आणि त्यांनी फार लवकर विचार केला. गेटच्या बाहेर पडेपर्यंत त्यांचा झालेला होता.

स्नेहाचा फोन आला तेव्हा प्रमिलानं एवढंच सांगितलं, "नाही जमलं वो बाई." आणि मग त्या नारंगी किचनमध्ये जाऊन पाठमोरी उभी राहिली. मला खरोखर रडू आलं. बाईनं सगळा संसार माझ्या बदल्यांमागे फिरवला, आयुष्यात एक घर मागितलं, आणि तेही मी दिशा चुकून घालवलं.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी बबनभाऊ सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरला घेऊन आले, सोबत तिचा नवरा. मी पार खचलो होतो. दारातच सांगून टाकलं, "ताई, किचन वायव्येला आहे, संडास-बाथरूम आग्नेयेला, आणि माझी अक्कल कोणत्या दिशेला आहे ते अजून सापडलं नाही."

बबनभाऊंनी कपाळावर हात मारला. सिस्टर मात्र हसली आणि सरळ बाथरूममध्ये गेली. बराच वेळ बाहेरच येईना.

"अहो, इकडे या ना!" तिनं नवऱ्याला हाक मारली. "पाहा किती ऊन आहे! फरशी कोरडी ठक्क! आपल्या भाड्याच्या घरात तर शेवाळ सरून नाही राहिलं. मी नाइट ड्युटीवरून सकाळी येते सर, अन् अंधाऱ्या ओल्या बाथरूममधी आंघोळ करते. हे तर सुख आहे!"

"पण वास्तू?" माझ्या तोंडून निघालंच.

तिनं हॉलमधल्या मूर्तीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आम्ही नाही मानत, सर. तुम्ही मानता?"

मी खाली पाहिलं. प्रमिलानं पदराआड तोंड लपवलं. तीन दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती.

सौदा झाला! पोळ्याच्या दोन दिवस आधी झाला! जाताना सिस्टर हळूच म्हणाली, "सगळं छान आहे. फक्त त्या नारंगी टाइल्स तेवढ्या काढून टाकू." बबनभाऊ छाती फुगवून सांगू लागले, "म्हटलं नव्हतं सर? संडास-बाथरूमचा पैसा कुठं जात नाही!" मी सुटलो होतो. इतका सुटलो होतो की पराते काकांना मिठी मारून आलो.

आता आम्ही सौंसरला आहोत. नात झाली आहे, पाळणा प्रमिलानं ठरवलेल्या जागीच आहे. तो टांगायला कडी लावायला मी मुद्दाम दिवाकरलाच बोलावलं. काम झालं, चहा झाला, तरी तो हात मागे बांधून उभाच.

"सर, एक बोलू? पाचवीतले ते दोन मार्क..."

मी उठलो. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडलं, त्याच्या मागे लाल पेनानं लिहिलं, 'दिशा : दोनपैकी दोन', आणि खाली सही केली. त्यानं तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

"अन् तुमचे किती कापू, सर?" त्यानं मिशीतल्या मिशीत हसत विचारलं.

प्रमिला पाळण्याची दोरी ओढत होती, तशीच म्हणाली, "राहू दे बाप्पा. शून्यातून काय कापशील?"