ओगावासाहेबांचं चित्र

सौदीतल्या जुबैलच्या बाजारात तसबिरी मढवणारा रफीक मुळातच हेकट. रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा माणूस. एकदा नाही म्हणाला की नाहीच. आखातात लढाई पेटली, इराकची क्षेपणास्त्रं येणार म्हणून बाजार ओस पडला आणि दुकानदारांनी जेद्द्याची वाट धरली. त्याचा चुलतभाऊ इसहाकही पिकअपमध्ये सामान भरून तयार होता.

"भाय, चल ना! काचेच्या दुकानात मरायचंय का तुला?"

"आधी माझी चूक निस्तरू दे," रफीक म्हणाला.

चूक साधीसुधी नव्हती. ओगावा नावाच्या जपानी इंजिनिअरने एक चित्र मढवायला दिलं होतं. लाकडी ठशांनी छापलेलं, एकेका रंगाला वेगळा ठसा. गारवेलीची निळी फुलं आणि कडेला अक्षरांची उभी ओळ. त्यांच्या वारलेल्या बायकोचं फार आवडतं. आता रफीककडे एरवी यायची ती कंपन्यांची कॅलेंडरं. त्यांवरची अक्षरं छाटायची आणि नुसतं चित्र चौकटीत बसवायचं, ही दुकानाची रीतच. हात तसाच चालला. पट्टी लावली, सर्रकन पातं फिरवलं, अक्षरं कचऱ्याच्या डब्यात!

ओगावासाहेब चित्र न्यायला आले आणि बघतच राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "ती कविता होती. आमच्याकडे फूल आणि कविता मिळून एक चित्र होतं. असू दे. लढाईत कोण काय काय सांभाळणार? उद्या सकाळी आमची बस रियाधला निघतेय."

ते 'असू दे' रफीकला फार लागलं. लढाई गेली चुलीत! पातं त्याने फिरवलं होतं, कुठल्या क्षेपणास्त्राने नव्हे. डबा जमिनीवर ओतून त्याने कापलेली कविता शोधली. मैद्याची खळ शिजवली, चित्र पालथं घातलं, फुलांना कविता भिडवली आणि मागून तलम कागद चिकटवला. वर फळी, फळीवर वजन. ओलं असताना वजन हललं की कागद सुरकुतणार आणि सांधा सुटणार.

नेमका तेव्हाच भोंगा वाजला. इसहाक विषारी वायूचा मास्क चढवून आडोशाला पळाला आणि तिथून हाका मारू लागला. रफीक हलला नाही. लांब कुठेतरी धडाका झाला, दुकानातल्या काचा थरथरल्या, तशी त्याने दोन्ही हातांनी फळी दाबून धरली. घाबरला होता तो, खोटं कशाला सांगा! पण हात काही उचलले नाहीत.

"या, किती यायचंय ते या!" तो छताकडे बघून ओरडला.

सकाळी बस सुटायच्या आत त्याने चित्र ओगावासाहेबांच्या हातात ठेवलं. "काच लावली नाही, प्रवासात फुटेल. सांधा दिसतोय. मी तो लपवला नाही."

साहेबांनी सांध्यावरून बोट फिरवलं. त्यांचे डोळे भरून आले. मग कविता वाचून त्यांनी अर्थ सांगितला: दुपारी मिटायचंच आहे, म्हणून सकाळी उमलायचं नाही की काय?

रफीक परतला तेव्हा इसहाक पिकअप चालू ठेवून बसला होता. "झालं ना तुझं? खलास! बस आता गाडीत, यल्ला, चल!"

रफीकने खिशातून किल्ली काढली, खाली वाकला आणि दुकानाचं शटर खडखडत वर नेलं.

"तू जा," तो म्हणाला. "दुपारचं दुपारी बघू."