विष्णूदादाने कावळ्याला दिलेला शब्द

आमचा विष्णूदादा एक नंबरचा हट्टी! जबलपूरच्या तोफगाड्यांच्या फॅक्टरीत फिटर. शेजारच्या मशीनवर निखिल पाल, खुलन्याकडचा बंगाली. दोघं एकाच डब्यात जेवायचे. एकाहत्तर साली निखिल म्हाताऱ्या आईला आणायला गावी गेला, तर तिकडच्या फौजेच्या अफसराने आईच्या डोळ्यांदेखत त्याला दारातच गोळी घातली. आई निर्वासितांबरोबर एकटीच जबलपूरला आली आणि आमच्याकडेच राहिली. आम्ही तिला मासीमा म्हणायचो.

निखिलला बायको ना पोर. दादानेच ग्वारीघाटावर आपल्या पद्धतीने पिंड ठेवला. कावळा काही शिवेना. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करू. दादा भडकलाच! हात जोडून म्हणाला, "निखिल, तुला मारणाऱ्याला कोर्टात उभं करीन. मासीमा साक्ष देईल." लगेच शिवला मेला कावळा.

लढाई संपली आणि कैदी आणले ते आमच्याच जबलपुरात! स्टेशनवर त्यांना उतरवताना मासीमाने तो अफसर ओळखला. मग बांगलादेशाने आपल्याच कोर्टात असल्यांवर खटले चालवायचा कायदा केला. दादाला कोण आनंद! रोज संध्याकाळी तो जज्ज व्हायचा आणि मासीमा स्टुलावर बसून साक्षीची तयारी करायची. तिला हुंदका आला की तो म्हणायचा, "रोना नहीं, मासीमा. कोर्टात नीट सांगावं लागते."

पुढे सरकारांची बोलणी झाली. खटले रद्द, सगळ्यांना माफी, गाडीत बसवून घरी रवाना! अरे, माफी कोणी दिली? कोणाला विचारून? माझं तर डोकंच फिरलं. त्या संध्याकाळी मासीमा धुतलेलं लुगडं नेसून स्टुलावर बसली. "जज्जसाब आज नहीं आएँगे?" दादा स्वयंपाकघरात तोंड लपवून उभा होता. मला बाई ते पाहवेना.

रविवारी आम्ही तिघं ग्वारीघाटावर गेलो. दादाने पुन्हा पिंड ठेवला. "निखिल, नाही जमलं रे. माझ्यावर राग असेल तर शिवू नको."

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा शिवला. दादा लहान पोरासारखा रडायला लागला. "काहून रे? इतक्या लवकर काहून माफ करून राहिला?"

मासीमाने कावळ्याला हाकललं आणि समोरच्या ओल्या पायरीवर ताठ बसली. "रोना नहीं, जज्जसाब," ती म्हणाली. "मेरी गवाही बाकी है."