गटातली सहावी

लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी थोरल्या नणंदेने तिचं नाव भिंगरी ठेवलं, आणि ते असं काही चिकटलं की पुढे जिन्याच्या दारावरच्या पुठ्ठ्यावरही तेच आलं. ‘भिंगरी टेलर्स. अल्टरेशन करून मिळेल.’ वर दोन खोल्या, त्यातली रस्त्याकडची शिवणाची. पॅन्टा आखूड करणं, कोटाचं अस्तर बदलणं, पोट सुटलेल्यांच्या शर्टांची बटणं सरकवून देणं, अशी सगळी दुसऱ्याने शिवलेलं सुधारायची कामं. बाई हाताची सफाईदार, पण एका जागी ठरेल तर शपथ. चहा उभ्याने प्यायची. जेवताना चार वेळा उठायची, दोनदा मिठासाठी आणि दोनदा उगाच. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तिथल्या खुर्च्या एका रेषेत लावून टाकायची. झोपेतही हिचे पाय चालतात, असं तिचा नवरा सांगायचा, आणि हे सांगायला त्याला पाच मिनिटं लागायची.

नवरा म्हणजे हिच्या अगदी उलट. एकतीस वर्षं तो वस्तुसंग्रहालयात मातीच्या भांड्यांच्या दालनात खुर्चीवर बसून होता. तेवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून बाहेर पडलेलं वाक्य एकच, ‘हात लावू नका.’ बाकी वेळ त्याने भिंतीवरच्या पाट्या वाचल्या, आल्यागेल्या पंडितांचं बोलणं ऐकलं आणि सगळं पोटात साठवलं. निवृत्त झाल्यावर जुन्या चौकातल्या पायी फेरीसाठी गाईड हवेत असं कळलं, तेव्हा कुणाला न विचारता तो परीक्षेला जाऊन बसला. परीक्षकांनी एका दाराच्या कडीबद्दल विचारलं. गडी चाळीस मिनिटं कडीवर बोलला. घरी आला तो छातीवर बिल्ला लावून, हसत. या माणसाचे दात इतके छान आहेत हे भिंगरीला त्या दिवशी नीट दिसलं.

चौक कार्यालयाचे नियम मात्र कडक. गट लहान हवा. दहाच्या वर माणसं घ्यायची नाहीत, आणि पाचाच्या खाली फेरी न्यायची नाही. पाच जमले नाहीत की दहा वाजून पाच मिनिटांनी फेरी रद्द. महिन्यात तीन फेऱ्या रद्द झाल्या की सकाळची वेळ यादीतल्या पुढच्या गाईडला. यादीतले सगळे पंचविशीतले, तीन-तीन भाषा बोलणारे. साठीच्या माणसाची वेळ एकदा गेली की परत मिळायची नाही, हे कुणी वेगळं सांगायला नको होतं.

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी चारच जण आले. भिंगरी गिऱ्हाइकाची पॅन्ट पोचवायला तिकडून चालली होती. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला, खिडकीवर जाऊन तिकीट घेतलं आणि अनोळखी बाईसारखी गटाच्या मागे जाऊन उभी राहिली. तेव्हापासून ते अंगवळणीच पडलं. मंगळवार आणि शनिवार, चार असले की ती पाचवी. हळूहळू तिची कामंही ठरली. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी विनोदाला पहिलं हसायचं, म्हणजे बाकीच्यांना धीर येतो. आणि कापडबाजाराच्या भिंतीत मापाची जी लोखंडी पट्टी बसवलेली आहे, तिथे भोळा चेहरा करून विचारायचं की ही एकाच टोकाला का झिजली? उत्तरही मूळचं तिचंच. एकदा घरी तिने टेपने मोजून दाखवलं होतं की मोजणारा डाव्या अंगठ्याने कापड दाबून धरतो, म्हणून झीज त्या टोकाला. नवरा ते ‘एका जाणकार व्यक्तीचं मत’ म्हणून सांगायचा.

अवघड होतं ते फक्त उभं राहणं. प्रत्येक थांब्याला हा माणूस अकरा मिनिटं घ्यायचा. भिंगरी चपलेतल्या चपलेत पायाची बोटं हलवायची, पर्यटकांच्या उसवलेल्या शिवणी मनातल्या मनात टाचायची, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकायची. बोलणं तर तिला श्वासांसकट पाठ झालं होतं.

आणि भीती होतीच, कारण घरची माणसं गटात मोजायला मनाई होती. छत्री उंच धरून गट नेणाऱ्या एका गाईडने आपल्या मेव्हण्याला गटात घातलं होतं. मेव्हणा कारंज्याच्या कठड्यावर पेंगला आणि जाग आल्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, ‘भावजी, अजून किती उरलंय?’ गटात कार्यालयाची तपासनीस होती. बिल्ला जमा झाला. छत्रीवाला आता छत्र्याच विकतो.

त्या मंगळवारी सकाळी नवरा म्हणाला, आज पाच जणांनी नाव दिलंय, तू येऊ नकोस, तो कोट पुरा कर. कोट दुपारी बाराला द्यायचा होता. भिंगरी मशीनवर बसली. एक बाही लागली. मग मनात आलं, पाचातलं एखादं गळालं तर? या महिन्यात दोन फेऱ्या आधीच रद्द झालेल्या. दुसऱ्या बाहीची शिवण वाकडी गेली, ती उसवली, परत घातली, परत वाकडी गेली. पावणेदहाला तिने कात्री पिशवीत टाकली आणि स्वतःला सांगितलं, लांबूनच मोजायचं आणि परत फिरायचं.

लांबून मोजलं. कॅमेरावालं जोडपं, काठी टेकत आलेल्या एक आजी, त्यांची आठ-नऊ वर्षांची नात, आणि कापडी बूट घातलेली एकटी बाई. पाच. झालं, आता घरी. पण तेवढ्यात शेजारच्या तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाने सवयीने तिकीट फाडून पुढे केलं, आणि तिनेही सवयीने ते घेतलं. नवऱ्याने तिच्याकडे एकदाच पाहिलं. भुवई एवढीशी वर गेली. मग त्याने कारंज्याकडे तोंड वळवलं.

कापडी बुटांचे तळवे झिजलेले होते. पर्यटक नवे बूट घालून येतात आणि लंगडत जातात. हे रोज चालणाऱ्या माणसाचे बूट होते. भिंगरीने ते पाहिलं, पण त्याच बाईच्या बाहीची मोहरी चार बोटं उसवलेली दिसली आणि बुटांचा विचार तिथेच राहिला. सुई-दोरा पिशवीत होता. तिचा हात आवरेना.

मनोऱ्यापाशी नवरा रंगात आला. चारी बाजूंना चार घड्याळं, आणि चारी वेगवेगळी वेळ दाखवायची. ‘त्यामुळे या चौकात कधी कुणाला उशीर होतच नसे. फक्त बाजू बदलायची.’ भिंगरी हसली, पण ‘बाजू’ हा शब्द येण्याच्या आधीच. नात मान वळवून तिच्याकडे बघत राहिली.

पट्टीचंही झालं. मग आली कमान, म्हणजे नवऱ्याच्या जिवाचा तुकडा. आज पाच खरेखुरे ऐकणारे, त्यामुळे त्याला भरतं आलेलं. अकराची चौदा मिनिटं झाली. तो एकेका दगडाला हात लावून सांगत होता. मनोऱ्याच्या अलीकडच्या बाजूच्या घड्याळाने अकराला दहा कमी दाखवले. घरी कोट एका बाहीवर. भिंगरीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तिला माहीत होतं की आता शेवटचं वाक्य, मग ‘चला’, मग डावीकडची बोळ. वाक्य संपायला आलं होतं, निदान रोज तिथे संपायचं. तिचे पाय वळले.

बोळीत पंचवीस-तीस पावलं गेल्यावर तिला मागे काठीची टकटक ऐकू आली. वळून पाहते तर आजी, नात, कॅमेरावाले दोघं आणि कापडी बूटवाली, सगळी वरात हिच्यामागे. इतक्या खात्रीने चालणारी बाई दिसली म्हणून लोक चालू लागले होते. कमानीखालून नवऱ्याचा आवाज अजून येत होता. तो दगडाकडे तोंड करून खांबांना सांगत होता.

नवरा धापा टाकत बोळीत आला तोवर कापडी बूटवालीने पिशवीतून एक वही काढली होती. ती शांतपणे म्हणाली, “बाई, पुढचा थांबा इकडे आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

भिंगरीकडे उत्तर तयार होतं, कितीतरी दिवस तयार ठेवलेलं, की मागे एकदा येऊन गेले होते. तिने तोंड उघडलं. पण तेवढ्यात नात आजीला म्हणाली, “यांना ना, विनोद व्हायच्या आधीच हसू येतं.”

“मला वाटलं वाट दाखवायला यांना वेगळं ठेवलंय,” आजी म्हणाल्या. “हे गृहस्थ तिथेच मुक्काम ठोकणार होते.”

नवऱ्याने खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमालाची नीट घडी घातली आणि परत ठेवला. भिंगरीला वाटलं, आता हा काहीतरी लांबलचक सुरू करणार.

“ही माझी बायको,” तो म्हणाला. “माणसं कमी पडली की येते. आज गरज नव्हती. पट्टीपाशी मी ज्या जाणकार व्यक्तीचं सांगितलं, तीही हीच.”

एवढं थोडक्यात तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. कॅमेरावाल्याने उगाच कॅमेऱ्याचं झाकण लावलं. बूटवालीने वहीवर पेन टेकवून विचारलं, यांना सोडून आज किती? तो म्हणाला, पाच, तुम्हाला धरून. तिने पुन्हा एकदा माणसं मोजली, चक्क बोट दाखवून.

“मग आजची फेरी नियमात बसते,” ती म्हणाली. “मागचं मी पाहिलेलं नाही. पण यापुढे या तुमच्या गटात दिसल्या तर बिल्ला त्याच दिवशी जमा.”

नवऱ्याने मान डोलावली. मग सगळ्यांना म्हणाला की कमानीचं निम्मं तुमच्याकडून राहिलंय, आणि त्यांना घेऊन परत कमानीकडे निघाला. भिंगरी बोळीतच थांबली. बूटवाली शेजारून जाताना तिला राहवलं नाही. बाही उसवलीय तुमची, एवढं ती म्हणाली. बूटवालीने बाही पाहिली, हं केलं आणि गेली.

संध्याकाळी घरात भांड्याला भांडं लागलं नाही, आणि तेच भिंगरीला असह्य होत होतं. नवरा रागावला असता तर तिलाही चार शब्द बोलता आले असते. जेवताना त्याने विचारलं, “का आलीस?” ती म्हणाली, “बसवेना.” शनिवारी दोघांनीच नाव दिलंय, एवढं त्याने सांगितलं. ती रद्द झाली तर महिन्यातली तिसरी.

शनिवारी तो गेल्यावर तिने जिना झाडला, खडू टोकदार केले, दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावली आणि मोडली. फेरी रद्द झाली तर तो त्याच्या चालीने दहा पंचवीसला जिन्यात यायला हवा. त्यामुळे तिला ऐकायचा होता तो फक्त रिकामा जिना. दहा वाजले. दहा पाच. मशीनवर कापड नव्हतं तरी पाय पायडलवर चालत होते.

दहा बावीसला जिन्यात जड पावलं वाजली. हातातली सुई तिच्या बोटात टोचली. दारात उभं राहिलं ते पोट सुटलेलं जुनं गिऱ्हाईक, हातात पॅन्ट. कंबर तीन बोटं सैल करून हवी होती. तिने त्याला उभं केलं, टाचण्या तोंडात धरल्या आणि टेप लावला. तो बोलता बोलता म्हणाला, चौकातूनच आलो, तुमचे साहेब लोकांना घड्याळ दाखवायला नेत होते.

“किती जण होते?” टाचण्यांमधून ती म्हणाली.

“चार-पाच असतील.”

“चार की पाच?”

गिऱ्हाईक बावचळलं. मी काय हजेरी घेत होतो का, असं काहीसं तो पुटपुटला. पण टेप पोटाला आवळलेला होता आणि बाई सोडायला तयार नव्हती. त्याने डोळे मिटले. निळ्या शर्टवाला एक. त्याची बायको, किंवा बहीण असेल, दोन. दोघी मैत्रिणी, आइस्क्रीम खाणाऱ्या. चार.

“चारच,” तो म्हणाला.

तिच्या हातातला टेप ढिला पडला. चारच असतील तर तो त्यांना फुकट घड्याळ दाखवत असणार. हा माणूस कुणालाही काहीही दाखवेल, आणि परत येताना कुठल्या तरी कडीपाशी तासभर उभा राहील.

“आणि हो, एक काठीवाल्या आजी,” गिऱ्हाईक डोळे उघडून म्हणालं. “त्या सारख्या म्हणत होत्या, आधी कमानीकडे चला, मंगळवारचं मला पुन्हा ऐकायचंय.”

भिंगरीने भिंतीवर पाहिलं. दहा सव्वीस. कारंजं संपलं, चौक ओलांडला, मनोऱ्याखाली गट उभा राहिला. आता तो चार घड्याळांची चार बोटं वर करेल, एकेक मिटेल, थांबेल. तिने तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या, आणि दहा सत्तावीसला, अगदी वेळेवर, मोठ्याने हसली.

गिऱ्हाइकाने खाली आपल्या पोटाकडे पाहिलं. “काय झालं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “तुम्ही हलू नका.”