शालनचं मामलेट

जेवणानंतर पेपर तोंडावर घेऊन आडवा झालो की तिसऱ्या ओळीला मला झोप लागते. पूर्वी माझं सदर वाचून लोकांचंही असंच व्हायचं. आज गुरुवार. डोळे मिटतात न मिटतात तोच स्वयंपाकघरातून वाडग्यात चमचा फिरल्याचा आवाज येतो, आणि पेपर बाजूला न करताच मी तिथे उभा असतो.

शालन ओट्याशी आहे. तिला जाऊन दोन वर्षं झाली, पण पदर नेहमीसारखा कमरेला खोचलेला.

"हे एक अंडं फोडा," ती म्हणते.

"अगं, गुरुवार आहे."

"मला आता वार नाहीत."

मी फोडतो. टरफल वाडग्यात पडतं. अंगठ्याने पकडायला जातो, ते निसटतं. लोकांची उणीदुणी काढण्यात माझा जन्म गेला, पण टरफल काही निघत नाही.

"काय करतेस?"

"ऑम्लेट."

अगदी बिनचूक. लग्न होऊन आली तेव्हा ती मामलेट म्हणायची. बिस्कुट म्हणायची, कटलेस म्हणायची. तिचे वडील मिरजेला स्टेशनावरच्या कँटीनमध्ये तव्याशी उभे असत, हे सगळे शब्द त्यांच्याकडचे. मी त्यावर एक सदर लिहिलं, 'आमची मामलेटबाई'. गावभर हशा झाला. भाजीवालीसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारायला लागली. शालन दुसऱ्या दिवसापासून ऑम्लेट म्हणू लागली, इतकंच. पुढे एकतीस वर्षं म्हणाली, घरात पाहुणी राहायला आल्यासारखी. चुकलं म्हणायचं मी रोज उद्यावर टाकलं. विनोदी लेखकाची माफीही लोकांना विनोदच वाटते, असं एक सोयीचं कारण माझ्याकडे होतं.

"शालन, एकदा पूर्वीसारखं म्हण ना."

"ते तुम्ही छापलंत. छापलेलं घरात कसं वापरायचं?"

ओटा लांबत कँटीनच्या फळीएवढा होतो. त्यावर बिस्किटांच्या बरण्या येतात, बाहेर गाडी शिट्टी देते. पलीकडे तिचे वडील, आबा, खांद्यावर फडकं टाकून. वाडगा अजून माझ्याच हातात.

"काय देऊ, जावईबापू?"

"ऑम्लेट," मी सवयीने म्हणतो.

आबांना ऐकूच येत नाही. ते फडक्याने फळी पुसत राहतात. माझ्यामागे रांग आहे, प्रत्येकाच्या हातात त्या सदराच्या दिवशीचा पेपर. शालन सगळ्यात शेवटी, जमिनीकडे बघत.

"मामलेट," मी म्हणतो. "आबा, दोन मामलेट द्या. शब्द तुमच्या घरचा होता, मी त्याचं हसं केलं. चुकलं माझं."

कोणी हसत नाही. माझ्या वाक्याला कोणी हसलं नाही आणि मला बरं वाटलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच होतंय.

शालन रांग सोडून फळीच्या आत जाते. तव्याकडे तोंड करून, लहानपणी देत असेल तशी खणखणीत हाक देते.

"आबा, एकच मामलेट. मिरची कमी. हे एकटेच आहेत."

"मी दोन म्हटलं," मी म्हणतो. "शालन, दोन."

तवा चरचरतो. त्यात माझं कोणाला ऐकू जात नाही.

पेपर जमिनीवर पडलाय. चार वाजलेत. मी मामलेट म्हणून बघतो, जरा मोठ्याने. पेपर उचलायला हात खाली नेतो, तर अंगठ्याला टरफलाचा एक तुकडा चिकटलेला, नखाहून लहान.

शालन गेल्यापासून या घरात अंडं आलेलं नाही.