दत्ताचा नारळ

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवळालीत डेअरीवर दूध घालत होतो. कॅन तसाच हातात राहिला. आदल्याच आठवड्यात हा गडी व्यायामशाळेच्या दारातून वाकून आत आला होता. अंग तापलेलं. घरी जा म्हटलं तर म्हणे, होईल रे कमी. डेंग्यूचा ताप त्याने अंगावर काढला. असला राग येतो त्याचा... अजून येतो.

दत्ता म्हणजे आमच्या गावातला सगळ्यात उंच माणूस. वर पाऊस सुरू झाला का रे, हे तो शाळेपासून ऐकत आलेला आणि हसून सोडून देणारा. वायरमनच्या कामाला ती उंची बरी पडायची, वजन उचलायला मात्र तीच आडवी यायची. व्यायामशाळेतलं सगळं सामान आमच्यासारख्यांच्या मापाचं. बैठकांसाठी खांद्यावर बार घ्यायचा तर स्टँड त्याच्या छातीखाली. त्याने स्वतः वेल्डिंग करून स्टँडला पाइप जोडले, टाचांखाली फळी घेतली. खरी पंचाईत जमिनीवरून बार उचलताना व्हायची. पाय एवढे लांब, की बारपर्यंत हात पोचेतो पाठीची कमान व्हायची. मग त्याने बाभळीचे दोन ठोकळे करून आणले आणि दोन्हीकडच्या प्लेटांखाली ठेवून बार वीतभर वर घेतला. तिथून तो जे वजन उचलायचा, ते आमच्याने हललंही नसतं.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या वजनांची पूजा होते आणि ज्याने वर्षभरात सर्वांत जड बार उचलला, त्याने नारळ फोडायचा. दत्ताचा जीव त्या नारळात अडकलेला. पण आमचे वस्ताद जुन्या तालमीतले. बार जमिनीवरून सुटला तरच उचलला, ठोकळ्यावरचं धरायचं नाही, हे त्यांचं ठरलेलं. एका वर्षी दत्ताने हट्टाने जमिनीवरून ओढून पाहिलं. पाठीत अशी उसण भरली की बरेच दिवस खांबावर चढता आलं नाही. बरा होऊन आल्यावर त्याने गुमान ठोकळे मांडले आणि म्हणाला,

"वस्ताद, माझी जमीन थोडी वर हाय, येवढंच."

त्याही खंडेनवमीला नारळ दुसऱ्यानेच फोडला. दत्ता मागे उभा राहून सगळ्यांच्या डोक्यांवरून बघत होता. मला फार वाईट वाटलं होतं...

तिरडीला नेहमीच्या लांबीचे बांबू आणले होते. दत्ताला ठेवलं तर पाय बाहेर. कुणीतरी म्हणालं, गुडघे जरा मुडपू, चालतंय. तोवर भिंतीला टेकून बसलेले वस्ताद उठले.

"मुडपायचं न्हाई. त्याच्या मापाचं आणा."

लांब बांबू येईपर्यंत आम्ही सगळे अंगणात थांबलो.

यंदाच्या खंडेनवमीला नारळाचा मान माझा होता. वस्तादांनी ठोकळे पुसले, त्यांवर बार चढवला, दत्ता उचलायचा तेवढ्या प्लेटा लावल्या, झेंडूचा हार घातला. मी नारळासाठी हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही. ठोकळ्याच्या कडेवर ठेवला. मीही हात मागे घेतला.

नारळ अजून तिथंच आहे. परवा झाडलोट करताना वस्तादांनी तो उचलला, कानाशी धरून हलवला. आतलं पाणी आटलं होतं.

"हुता तवा द्याया पायजे हुता," म्हणाले, आणि धोतराच्या सोग्याने पुसून परत ठोकळ्यावर ठेवला.